चोवीस कामट्यांचा आकाशकंदील



दिवाळी महिन्यावर आली की आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर ‘टाकाऊतून टिकाऊ आकाशकंदील’ स्पर्धेची सूचना येते. यंदाही आली. स्पर्धा चांगलीच आहे, बायका हौसेनं भाग घेतात, पाठशाळेतली मुलंही हात लावतात. पण गेली दोन-तीन वर्षं ज्या कंदिलांना बक्षीस मिळतं ते पाहून माझ्या मनात काही गोष्टी साठल्या आहेत. बैठकीत थोडक्यात बोलले, इथं सविस्तर लिहिते. पटलं नाही तर मोकळेपणानं सांगा.

पहिली गोष्ट हिशेबाची. मी बी.कॉम. झालेली बाई, घरखर्चाची वही चाळीस वर्षं लिहिते आहे, त्यामुळे माझी नजर आधी तिकडंच जाते. मागच्या वर्षी पहिल्या आलेल्या कंदिलात टाकाऊ काय होतं, तर पाण्याच्या सहा रिकाम्या बाटल्या. त्यावर चढलं काय? सोनेरी रंगाचा स्प्रे, दोन पाकिटं मोती, पाच मीटर लेस, चमकी, शिवाय गरम गोंदाची बंदूक आणि तिच्या कांड्या. करणारी मैत्रीण माझ्या जवळचीच. तिनं हसत हसत खर्च सांगितला, साडेसातशे रुपये! तयार कंदील बाजारात दोनशेला मिळतो. आणि दिवाळी झाल्यावर रंग फासलेली, मोती चिकटवलेली ती बाटली भंगारवालाही घेत नाही. रिकामी होती तेव्हा तिचे चार पैसे तरी येत होते. म्हणजे टाकाऊचं टिकाऊ झालं नाही, विकाऊचं टाकाऊ झालं.

थर्माकोलचं तर बोलायलाच नको. महाराष्ट्रात प्लास्टिक-थर्माकोलच्या वस्तूंवर २०१८ मध्ये बंदी आली, आणि सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून साऱ्या देशात. तरी घरात जपून ठेवलेले जुने तुकडे ‘टाकाऊ’ म्हणून स्पर्धेत येतातच.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा कंदिलाचं काय मोठं? तर आपल्याकडं आहे. इतरांची दिवाळी वेगळी, आपली वेगळी. आपल्यासाठी तो महावीर भगवंतांच्या निर्वाणाचा दिवस. पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढतो, संध्याकाळी गौतम गणधरांच्या केवलज्ञानाची आठवण होते, आणि दुसऱ्या दिवसापासून वीर निर्वाण संवताचं नवं वर्ष लागतं. २०२५ च्या दिवाळीला २५५२ लागलं. जिनसेन आचार्यांच्या हरिवंशपुराणात, म्हणजे शके ७०५ च्या ग्रंथात, पावानगरीत निर्वाणसमयी दिव्यांची आरास झाली आणि तेव्हापासून लोक दरवर्षी दीपालिका साजरी करू लागले, असं आलं आहे. ज्ञानाचा सूर्य मावळला म्हणून दिवे लावायचे, असा आपला अर्थ. ज्यांनी मुंगीलाही दुखवू नका म्हणून सांगितलं त्यांच्या निर्वाणदिनी आपण दारात जे टांगतो त्यात रात्रभर पाखरं मरत असतील, तर तो कंदील कितीही सुंदर असो, त्याला बक्षीस कसं द्यायचं?

हे मी उगाच म्हणत नाही. आपल्या कळंबकडं दिवाळी म्हणजे सोयाबीनची रास नुकतीच झालेली, तूर रानात उभी, मांजरेचं पाणी जवळ. दिवा लावला की चिलटं, पाखरं, पतंग धावून येतात. रात्रिभोजन त्यागाचं कारण सांगताना आपण मुलांना हेच तर सांगतो, की दिव्यावर जीव येतात आणि ताटात पडतात. मग ताटात पडू नयेत म्हणून सूर्यास्ताआधी जेवायचं आणि नंतर दारात उघड्या तोंडाचा कंदील लावून त्यांना आत बोलवायचं, याला काय म्हणावं? बाटल्यांच्या, चहाच्या कपांच्या, नारळाच्या करवंटीच्या कंदिलांना वरून-खालून तोंडं मोकळी असतात. सकाळी त्यात वाटीभर मेलेली पाखरं निघतात. चार इंद्रियांचे जीव, पाठशाळेतलं पोरही सांगेल. आपण ती कचऱ्यात झटकतो आणि देवदर्शनाला निघतो.

म्हणून माझ्या मते आपल्या घरच्या कंदिलाची पहिली परीक्षा सौंदर्याची नाही. तो चारी बाजूंनी आणि वर-खाली बंद आहे का, आतला दिवा थंड आहे का, आणि तो वेळेवर मालवला जातो का, हे आधी पाहावं.

थंड दिव्याचं सांगते. पूर्वी आपण कंदिलात साठ वॅटचा पिवळा गोळा लावायचो. त्यातली बहुतेक वीज उष्णतेतच जायची, कागद करपायचा. आता नऊ वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो. धनत्रयोदशीपासून कार्तिक पौर्णिमेला अष्टान्हिका संपेपर्यंत धरले अठरा दिवस, रोज साडेसहा ते दहा, म्हणजे एकूण त्रेसष्ट तास. साठ वॅटला पावणेचार युनिट, नऊ वॅटला अर्ध्या युनिटच्या जरा वर. कंदिलाला तर तीन वॅटही पुष्कळ होतात. बऱ्याच घरांत अजून ‘झिरोचा बल्ब’ आहे. नावाला झिरो, पण जुना असेल तर साधारण पंधरा वॅट खातो! पैशाचा फरक फार नाही, हे मीच कबूल करते. फरक आहे तो उष्णतेचा आणि रंगाचा. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त येतात, पिवळसर उजेडावर कमी. दुकानात मागताना ‘वॉर्म’ म्हणून मागा. आणि दहा वाजता बटण बंद. रात्रभर कंदील कुणासाठी? गल्लीतली कुत्री सोडली तर बघायला कुणी नसतं.

(पणत्यांचं, मंदिरातल्या दिव्यांचं काय, असं लगेच विचाराल. त्यात आपल्या पंथापंथांत मतं वेगळी आहेत, मी त्या वादात शिरत नाही. घरी मी जुन्या कंदिलाच्या काचेखाली पणती ठेवते, एवढंच सांगते.)

आता कंदील करायचा कसा ते लिहिते, कारण नुसती टीका करणं सोपं. यात नवीन काही नाही. माझे वडील करायचे तोच, फक्त सामान घरातलं.

बांबूच्या चोवीस कामट्या घ्यायच्या, प्रत्येकी एक वीत, म्हणजे नऊ इंच. एकूण अठरा फूट झाल्या. आमच्याकडं खिडकीचा बांबूच्या पट्ट्यांचा पडदा कुजला होता, त्याच्या मधल्या पट्ट्या चांगल्या निघाल्या. पट्टी बारीक असेल तर दोन एकत्र बांधा. फुटकी टोपली, सूप, चटई, काहीही चालतं. काहीच नसेल तर बुरुडाकडून आणा. तिथं वीस-तीस रुपये दिले तर ते मी उधळपट्टीत धरत नाही, गावातल्या कारागिराच्या घरात जातात.

चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे. त्यातले चार चौकोन टोकावर उभे करून, पत्त्यातल्या चौकटसारखे, एकमेकांना कोपऱ्याला कोपरा बांधून गोल फिरवायचे. वरच्या चार टोकांना पाचवा चौकोन, खालच्या चार टोकांना सहावा. झाला सांगाडा! मध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, त्यासाठी वेगळी काडी लागत नाही. बांधायच्या गाठी फक्त बारा. चौकोन डुगडुगतात, म्हणून खालचा सोडून बाकी पाचांत फुलीसारखा दोरा ताणून बांधा. फूटभर उंच आणि दीड फूट रुंद कंदील होतो, दाराला शोभेसा. वडील कामट्या मोजायला आम्हा मुलांना बसवायचे आणि प्रत्येक कामटीला एका तीर्थंकरांचं नाव घ्यायला लावायचे, ऋषभनाथांपासून महावीरांपर्यंत. शास्त्रात असं काही नाही, ही आपली आमच्या घरची गंमत. पण चोवीस नावं आमची अशीच पाठ झाली.

मुंबईत माहीमला कंदील गल्ली आहे, तिथं दिवाळीत रस्ताभर कंदील टांगलेले असतात. मुलाकडं गेले होते तेव्हा मुद्दाम पाहून आले. एवढ्या प्लास्टिकच्या झगमगाटातही कामट्या आणि रंगीत कागदाचा असा जुना कंदील तिथं मिळत होता, आणि लोक तोच मागत होते.

कागदाऐवजी मी कापड लावते. ह्यांची पूजेची पांढरी सुती धोतरं वापरून विरळ झाली की त्यांचं काय करावं हा प्रश्न असतो. पूजेचं वस्त्र फरशी पुसायला घ्यायला मन होत नाही. विरळ झालेल्या धोतरातून उजेड इतका मऊ येतो की महागडा कागद त्यापुढं काहीच नाही. चारी बाजूंच्या चौकोनांना आणि आठही त्रिकोणांना हे कापड, वरच्या आणि खालच्या चौकोनाला फाटक्या मच्छरदाणीची जाळी. हवा खेळते, पाखरू आत जात नाही. खालची जाळी टिचबटणांनी लावा म्हणजे बल्ब बदलता येतो. झिरमिळ्यांना जुन्या इरकल लुगड्याचे काठ. पंचवीस वर्षं नेसलेल्या लुगड्याची घसारा जाऊन उरलेली किंमत शून्य, आणि दारात लटकल्यावर मात्र बघणारे थांबतात.

चिकटवायचं मात्र नाही. शिवायचं. पूर्वी आपण पिठाची खळ करायचो, मीही लहानपणी भांडं भरून केली आहे. पण खळ म्हणजे ओलं पीठ. तिला बुरशी धरते, मुंग्या लागतात, झुरळं कुरतडतात. शिळं अन्न आपण ताटात घेत नाही, मग शिळी खळ दारावर कशाला? धावदोरा घालायला एक दुपार लागते, फार तर दोन. आणि पुढच्या वर्षी टाके उसवून कापड धुता येतं, कामट्या सुतळीनं बांधून माळ्यावर ठेवता येतात. आमचा सांगाडा चौथ्या दिवाळीत आहे.

एका ठिकाणी मात्र जुनं वापरू नका. वायर आणि होल्डर. माळ्यावरची तडकलेली वायर, चिकटपट्टी गुंडाळलेले जोड, असलं काही बांबू आणि कापडाजवळ नको. नवी वायर, चांगला होल्डर, तेवढा खर्च करा. काटकसर म्हणजे घर पेटवून घेणं नव्हे.

आता जरा नाजूक विषय. लग्नपत्रिका.

स्पर्धेतले निम्मे कंदील जुन्या लग्नपत्रिकांचे असतात. कागद जाड, सोनेरी, आयता रंगीत. पण आपल्या समाजाची पत्रिका उघडली की काय दिसतं? वर भगवंतांचा फोटो, शेजारी महाराजांचा, खाली णमोकार मंत्र. गेल्या वर्षी एका कंदिलाच्या करंजीच्या आकाराच्या पाकळ्या कापल्या होत्या, त्यात पार्श्वनाथ भगवंतांची अर्धी फणा एका पाकळीवर आणि अर्धी दुसरीवर आली होती. तिथं मुलं खाली बसून तुकडे गोळा करत होती, त्यावर पाय पडत होते. माझ्या पोटात कालवलं. आपण श्रुतपंचमीला शास्त्रांची पूजा करतो. आमच्या आजी कागदाला पाय लागला तर तो उचलून डोळ्याला लावायच्या, मग त्यावर किराण्याचा हिशेब का लिहिलेला असेना.

वर्तमानपत्रही अक्षरच ना, ते फडताळात अंथरतेस की, असं माझ्या मुलीनं मला अडवलं. बरोबर आहे तिचं. मी रेघ कुठं मारते ते सांगते. मंत्र, भगवंतांचं चित्र, गुरूंचं चित्र यावर कात्री चालणार नाही. बाकी कागदाचं ज्यानं त्यानं ठरवावं. पत्रिकेची पाकिटं मात्र बिनधास्त वापरा, त्यांवर बहुधा फक्त नावगाव असतं.

पण मग त्या पत्रिकांचं करायचं काय? माझ्या कपाटात दोन पिशव्या भरून आहेत. मांजरेत सोडायच्या म्हटलं तर नदीत आपणच घाण केली. पाण्यात भिजवून लगदा करून झाडाच्या मुळाशी घालावं तर वरचा प्लास्टिकचा थर सुटत नाही. मंदिरात नेऊन द्याव्यात तर तिथल्या मंडळींपुढं तोच प्रश्न. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, पत्रिकेवर भगवंतांचा फोटो छापूच नये. जी वस्तू लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणार हे आपल्याला छापतानाच ठाऊक असतं, तिच्यावर भगवंतांना का बसवायचं? स्वस्तिक आणि ‘जय जिनेंद्र’ पुरे. धाकट्या मुलाच्या लग्नात आम्ही एवढंच छापलं. एक-दोन नातेवाइकांनी विचारलं, ‘काय हो, फोटो विसरलात का?’ सांगितलं, नाही, आठवणीनं टाळला.

दुसरा नाजूक विषय रेशमाचा, आणि यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. धाकट्या जाऊबाईंनी जुन्या रेशमी साडीच्या पदराचा कंदील केला होता. दिसायला अप्रतिम. मी म्हटलं, ‘अगं, रेशमाचा दाराला नको.’ ती म्हणाली, ‘ताई, साडी तीस वर्षांपूर्वीची. किडे तेव्हाच मेले. आता कापली काय नि ठेवली काय, नवी हिंसा कुठं आहे?’ वाद बिनतोड आहे. हिशेबानंही तिचंच बरोबर, कारण झालेला खर्च पुन्हा होत नाही. तरी मला पटत नाही. नेसायची साडी कपाटात असते, लोकांना दिसते लग्नाकार्यात. कंदील दारावर असतो, येणारा प्रत्येक जण बघतो, विचारतो आणि पुढच्या वर्षी तसाच करायला जातो. सगळ्यांच्या घरी जुना पदर नसतो, मग दुकानातून नवं रेशमी कापड आणतात. हे मी होताना पाहिलं आहे, स्पर्धेतलेच पुढच्या वर्षीचे तीन कंदील नव्या कापडाचे होते. जाऊबाईंना अजून माझं म्हणणं पटलेलं नाही. त्यांचा कंदील यंदाही लागणार, आणि मी जाऊन तो चांगला झालाय असंही म्हणणार, कारण तो खरंच चांगला होतो.

आपल्याला वापरलेल्या वस्तूची लाज वाटावी असं आपल्या परंपरेत काही नाही, हे मात्र सांगावंसं वाटतं. मुनिमहाराजांची पिच्छी कशाची? मोरानं स्वतःहून टाकलेल्या पिसांची. चातुर्मास संपला की पिच्छी परिवर्तन होतं, नवी पिच्छी येते आणि जुनी फेकत नाहीत. व्रत-नियम घेणाऱ्या श्रावकाला मिळते, आणि ती मिळावी म्हणून घरंच्या घरं वर्षभर संयम पाळतात. झिजलेली, विरळ झालेली पिच्छी. नव्या पिच्छीला नाही एवढा मान तिला. आपल्याच जिल्ह्यात कुंथलगिरी आहे. १९५५ मध्ये शांतिसागर महाराजांनी तिथं सल्लेखना घेतली, सगळं सोडून. आपण बसनं तिथं दर्शनाला जातो, डोळे पुसत उतरतो आणि परतीच्या वाटेवर बार्शीच्या बाजारात लेस आणि मोती घ्यायला गाडी थांबवतो. मीही त्याच गाडीत असते बरं का, कुणाला नावं ठेवायला हे लिहीत नाही.

तर मंडळाला माझी विनंती अशी. प्रत्येक कंदिलाशेजारी एक चिठ्ठी लावा, त्यावर विकत आणलेल्या वस्तू आणि त्यांची किंमत लिहा. वायर, होल्डर आणि बल्ब सोडून पन्नास रुपयांवर खर्च गेला तर तो स्पर्धेबाहेर. परीक्षण एका संध्याकाळी चमचमाट पाहून करू नका. कंदील एक रात्र लावू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून आत काय आहे ते बघा. सौंदर्याला गुण द्या, नाही म्हणत नाही, पण ते सकाळचं बघून झाल्यावर. आणि गेल्या वर्षीचाच सांगाडा नव्या कापडात आणला तर गुण कापू नका, उलट दोन वाढवा. आत्ताच्या नियमात ‘कंदील नवा असावा’ असं कलम आहे, ते टाकाऊच्या स्पर्धेत कसं काय बसतं हे मला कळलेलं नाही.

अध्यक्ष बाईंनी ऐकून घेतलं. ‘पन्नास रुपयांत कसं होणार?’ असं दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून हा लेख. काही जणी म्हणाल्या, मुलांना चमक लागते, साधा पांढरा कंदील त्यांना आवडत नाही. माझा नातू सात वर्षांचा आहे. त्यानं धोतराच्या त्रिकोणांवर हळदीच्या पाण्यानं हत्ती, बैल, सिंह अशी तीर्थंकरांची लांछनं काढली आहेत. हत्ती मांजरासारखा दिसतो, पण रात्री आतून उजेड पडला की तो सगळ्यांना बोलावून दाखवतो.

त्या पडद्याच्या अजून साठेक पट्ट्या आमच्या गच्चीवर आहेत. दोन कंदील आरामात होतील. ज्यांना हव्यात त्यांनी रविवारी स्वाध्याय झाल्यावर पाच वाजायच्या आत या, म्हणजे उजेडात कापून होतील. येताना सुई-दोरा आणि घरातलं एखादं विरलेलं सुती कापड आणा. चहा मी करीन, तोही सूर्यास्ताआधी.